थंड पडलेले हात : कोकणचा लाल विंचू आणि एका साध्या गोळीचा इतिहास

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभे राहिले की नजर आपोआप समुद्राकडे जाते. समोर नौकांची दाटी, बाजूला रत्नदुर्गाची टेकडी, हवेत सुकत्या मासळीचा वास. धोका म्हटला की येथल्या माणसाला वादळ आठवते, बंद पडलेले इंजिन आठवते, वेळेत न परतलेली होडी आठवते. पण रत्नागिरीच्या या किनाऱ्यावर आणि एकूणच कोकणात, एका रात्रीत धडधाकट माणसाचा जीव घेणारा एक धोका समुद्राकडून येत नसे. तो पाठीमागच्या जांभ्यातून येई.

लांबीला बोटाएवढा, रंगाने तांबूस, अंगाने किरकोळ. कोकणचा लाल विंचू. मृत्यूच्या दारातून माणसे परत कशी आणावीत, याविषयी जगाला ठाऊक नसलेली एक गोष्ट या प्राण्यामुळे कळली. ती मोठ्या शहरातल्या नामांकित रुग्णालयात कळली नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, कंदिलाच्या उजेडाला सरावलेल्या माणसांच्या खाटांशेजारी तिची सुरुवात झाली.

जांभा सच्छिद्र असतो. त्याला भेगा पडतात, पोकळ्या राहतात. त्याच जांभ्याच्या चिऱ्यांची घरे, त्याच दगडांचे गडगे, शेजारी लाकडांची रास आणि भाताचा पेंढा. विंचवाला याहून सोयीचे घर कोण बांधून देणार? उकाडा वाढला की तो बाहेर पडतो, आणि बहुधा रात्री. अंधारात चुलीसाठी लाकूड ओढणारा हात, अनवाणी पाय, जमिनीवर अंथरलेले अंथरूण आणि त्यावर झोपलेले मूल. दंश व्हायला एवढे पुरते.

लोकांची भीती मात्र बराच काळ चुकीच्या प्राण्यावर खिळलेली होती. काळी, दांडगी, जाड नांग्यांची इंगळी पाहून माणूस दचकतो. तिच्या दंशाने आग होते, पण जीव सहसा जात नाही. बारीक नांग्या आणि त्या मानाने जाड शेपटी, हे खऱ्या धोक्याचे लक्षण. लाल विंचू नेमका तसा आहे. वेदनेचा आणि धोक्याचाही येथे मेळ नसतो. किंचाळणारा रुग्ण सकाळी चालत घरी जातो आणि फारसे न दुखणारा, फक्त घामाने भिजलेला रुग्ण पहाटेपर्यंत टिकत नाही.

शास्त्राने या विंचवाला नाव दिले १७९८ मध्ये. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी त्याला ‘टॅम्युलस’ म्हटले, कारण त्यांच्या हाती आलेला नमुना तमिळ मुलखातला होता. पुढे पोकॉक यांनी कोकणातल्या विंचवाचा वेगळा पोटप्रकार नोंदवला आणि त्याच्या नावात कोकण आले. तेव्हा या प्राण्याच्या नांग्या मोजल्या गेल्या. त्याने दंश केलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न वैद्यकात रांगेत बराच मागे राहिला.

सापाचे तसे नव्हते. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी इतका कुप्रसिद्ध होता की एकोणिसाव्या शतकात सरकार मारलेल्या फुरशामागे बक्षीस देई. १८६२ च्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवली, तेव्हा अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक मेलेली फुरशी सरकारजमा झाल्याची नोंद आहे. आकडा वाचून जिल्ह्यातील फुरशांची संख्या कळते, तशी दोन आण्यांची किंमतही कळते. विंचवाच्या वाट्याला असा हिशेब आला नाही. १९३२ मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेतील केयस आणि म्हसकर यांनी भारतीय विंचवांवर सविस्तर टिपणे प्रसिद्ध केली. तोवर आणि त्यानंतरही गावात विंचू चावलेल्या माणसाचा पहिला मुक्काम मांत्रिकाकडेच असे.

मांत्रिकाला हसणे सोपे आहे. पण त्याचे यश खोटे नव्हते, फक्त त्याचे श्रेय चुकीच्या जागी जात होते. बहुसंख्य दंशांत विष फार थोडे शिरते, किंवा विंचूच बिनधोक जातीचा असतो. अशी माणसे मंत्राने बरी होतात, पाल्याने बरी होतात आणि काहीच न केल्यानेही बरी होतात. दहांतली बरीच माणसे ज्याच्या अंगणातून बरी होऊन जातात, त्याच्यावर गावाने विश्वास का ठेवू नये? ‘विंचू उतरवणे’ हा शब्दप्रयोग भाषेत रुजला तो या अनुभवावरच. घात होई तो उरलेल्यांचा, विशेषतः लहान मुलांचा. त्यांचे पहिले दोन-तीन तास त्या अंगणातच संपत.

आणि ती मुले दवाखान्यात पोहोचली, तरी तिथे काय होते? हा प्रश्न वैद्यकाच्या दृष्टीने अधिक अवघड आहे, कारण त्याचे उत्तर डॉक्टरांना लाजवणारे होते.

१९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंडले यांचे विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होण्याविषयीचे टिपण प्रसिद्ध झाले. म्हणजे मृत्यू कसा येतो, हे कळू लागले होते. विंचवाने पायाला दंश केला, पण माणूस मरतो तो श्वास कोंडून, तोंडाला लालसर फेस येऊन. इस्राएलमधील बीरशेबा येथे ग्युरॉन आणि यारॉन यांनी १९७० मध्ये गंभीर दंशात हृदय आणि रक्ताभिसरणाचे काय होते याचा अभ्यास मांडला. रुग्णांच्या लघवीत ॲड्रेनॅलिनच्या कुळातील द्रव्यांचे अवशेष वाढलेले त्यांना आढळले. हा धागा मोलाचा होता. तो उपचारापर्यंत पोहोचायला मात्र आणखी बारा-चौदा वर्षे गेली.

दरम्यान उपचार म्हणून हाताशी होते ते सारे वापरले जाई. घाम आणि लाळ थांबवायला ॲट्रोपिन. सूज म्हणून स्टिरॉइड. अस्वस्थता म्हणून गुंगीच्या तीन औषधांचे मिश्रण. हृदय थकले म्हणून डिजिटॅलिस, पाणी झाले म्हणून लघवी वाढवणारे औषध. प्रत्येक औषधामागे एक तर्क होता. पण सगळे तर्क एकत्र करूनही गंभीर लक्षणे झालेल्या शंभर रुग्णांतले पंचवीस ते तीस दगावत. ॲट्रोपिन तर आगीत तेल ओते. घाम थांबल्याचे पाहून डॉक्टरला हायसे वाटे आणि त्याच वेळी आधीच पिसाट धावणाऱ्या हृदयाला आणखी एक चाबूक बसे.

या परिस्थितीत १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. हिंमतराव साळुबा बावस्कर. जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातील देहेड गावचा. गरिबीत शिकून नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेला. त्या काळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय असते आणि काय नसते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. बदलीवर येणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे बिऱ्हाडही विंचवासारखे पाठीवरच असते. वर्ष-दोन वर्षे काढावीत, पुढच्या हुकमाची वाट पाहावी, असाच बहुतेकांचा शिरस्ता. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून लिहायला सुरुवात केली.

त्यांनी केले ते वरकरणी फार साधे होते. विंचू चावलेला रुग्ण आला की त्याच्यापाशी थांबायचे. उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, नाडी कशी होती, रक्तदाब किती, हातपाय गरम की गार, हे तासातासाने नोंदवायचे. रुग्ण जगला तरी नोंद, दगावला तरी नोंद. असा एकेक कागद निरर्थक वाटतो. कागदांची चळत झाली की त्यांतून क्रम दिसू लागतो.

तो क्रम असा होता. दंशानंतर आधी उलट्या, धो धो घाम, तोंडातून लाळ; पुरुष आणि मुलगे असतील तर लिंगाला ताठरता. नाडी कधी मंद, कधी चुकार. मग काही वेळाने चित्र पालटते. हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. आणि तेथून काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, फुफ्फुसात पाणी.

याचा अर्थ मृत्यू अचानक येत नव्हता. तो आधी निरोप धाडत होता आणि तो निरोप वाचायला यंत्र लागत नव्हते. हाताला हात लावला की तो वाचता येत होता. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात लाल विंचवाच्या दंशातील या पूर्वसूचक लक्षणांवरचा बावस्करांचा निबंध प्रसिद्ध झाला. आरोग्य केंद्रात गोळा केलेली निरीक्षणे जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, याचे कौतुक आजही होते. पण निबंधाचे खरे मोल वेगळे आहे. कोणाला धोका आहे आणि कोणाला नाही, हे पहिल्या तासाभरात ओळखण्याचे साधन त्याने परिचारिकेच्याही हाती दिले.

ओळखले, पण पुढे काय?

येथे विषाची करणी थोडी समजून घ्यावी लागते. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारे असतात. संदेश जाताना ती उघडतात आणि लगेच मिटतात. लाल विंचवाचे विष ही दारे मिटू देत नाही. परिणामी शरीरातली जी यंत्रणा भीतीच्या किंवा संकटाच्या क्षणी जागी होते, तीच बेफाम सुटते. सुरुवातीला घाम-लाळेची लाट, मग ॲड्रेनॅलिनच्या कुळातील द्रव्यांचा पूर. या पुरात रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते म्हणूनच. हृदयाला आता आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलायचे असते. पुढून दार बंद, मागून लोंढा; थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबते आणि फुफ्फुसात पाणी पाझरते.

हे एकदा ध्यानात आले की हृदयाला चाबूक मारून उपयोग नाही, पुढचे दार उघडले पाहिजे, हे ओघाने येते. मागून पाहणाऱ्याला ते ओघाने येते, एवढेच. त्या वेळी ते ओघाने आलेले नव्हते.

बावस्करांनी मध्यंतरी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. केले आणि ते पुन्हा त्याच मुलखात, पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात आले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध त्यांनी गंभीर रुग्णांत वापरून पाहिले आणि फुफ्फुसात पाणी झालेले रुग्ण त्याने सावरले. पण हे औषध नसेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, बाटली उजेडापासून झाकावी लागते आणि मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहावा लागतो. जरा हात चुकला तर रक्तदाब कोसळतो. अतिदक्षता विभागाचे हे औषध ग्रामीण रुग्णालयात रोजच्या वापराचे होणे कठीण होते.

म्हणून शोध सुरू झाला तो तेच काम करणाऱ्या, पण तोंडाने देता येणाऱ्या औषधाचा. उच्च रक्तदाबासाठी प्राझोसिन नावाची गोळी तेव्हा प्रचारात होती. ॲड्रेनॅलिनच्या कुळातील द्रव्ये रक्तवाहिनीवर ज्या ठिकाणी जाऊन बसतात आणि तिला आवळतात, ती जागाच ही गोळी अडवते. विंचवाचे विष जे घडवते, त्याच्या नेमके उलट. १९८४ पासून बावस्करांनी ती वापरायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिले. पंचवीस-तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रुग्णांत पुढे एक टक्क्याच्या आसपास आले.

असा आकडा वाचताना सावध राहावे. हे ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करणारे आकडे आहेत. मधल्या काळात रस्ते सुधारले, लोक लवकर येऊ लागले, ॲट्रोपिन मागे पडले. याचाही त्यात वाटा असणार. तरीही घसरण इतकी मोठी आहे आणि गोळीचे काम विषाच्या कामाशी इतके तंतोतंत विरुद्ध आहे की प्राझोसिनचे श्रेय नाकारणे अवघड आहे. गोळी पोटात गेली की गार हात ऊबदार होऊ लागतात, हे तर कोणत्याही खाटेशेजारी पाहता येण्यासारखे होते.

ही गोळी द्यायची कशी, याचे तपशील प्रत्येक तातडीच्या विभागात भिंतीवर लावण्याजोगे आहेत. वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. हातपाय ऊबदार आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. रुग्णाला आडवेच ठेवायचे, कारण पहिल्या गोळीनंतर उठून बसल्यास रक्तदाब एकदम घसरू शकतो. कडेवर घेतलेले मूलही याला अपवाद नाही. उलट्या आणि घाम यांमुळे अंगातले पाणी गेलेले असते, ते आधी भरून काढायचे. ॲट्रोपिन द्यायचे नाही. दंशाच्या वर दोरी आवळायची नाही, कापायचे नाही. ज्याला केवळ दंशाच्या जागी वेदना आहे, त्याला प्राझोसिन लागत नाही. त्याला वेदनाशामक आणि काही तासांची देखरेख पुरते. आणि फुफ्फुसात पाणी होऊन रक्तदाबही ढासळला असेल, तर केवळ गोळीवर विसंबता येत नाही. प्राणवायू, दाबाने दिलेला श्वास, हृदयाला बळ देणारे औषध, हे सारे तिथे लागते.

गोष्ट येथे संपली असती तर ती एका औषधाच्या विजयाची कथा झाली असती. पण एक जुना प्रश्न अजून उभा होता. सापाच्या विषावर प्रतिविष चालते, तर विंचवाच्या का नाही?

लाल विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष, हाफकिनने तयार केली होती. पण तिच्याविषयी मतभेद होते आणि ते मतभेद साधार होते. ट्युनिशियात अब्रूग आणि सहकाऱ्यांनी ८२५ रुग्णांची चाचणी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. निम्म्यांना प्रतिविष, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. उलट अमेरिकेतल्या ॲरिझोनात तिथल्या वेगळ्या जातीच्या विंचवाने दंश केलेल्या पंधरा मुलांची छोटी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली, न मिळालेल्या सातांपैकी एकच.

मग खरे काय? दोन्ही खरे असू शकते. विंचू वेगळे, विष वेगळे, प्रतिविषाची मात्रा वेगळी आणि ते देण्याची वेळ वेगळी. ट्युनिशियातला निष्कर्ष कोकणाला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि कोकणातला ट्युनिशियाला. फार लांब कशाला जावे? कोकणातले आणि घाटावरच्या कोरड्या मुलखातले लाल विंचू एकाच जातीचे असले, तरी त्यांच्या विषातील घटकांत फरक असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. सह्याद्री ओलांडला की विषही बदलते.

या वादाला कोकणातूनच उत्तरे येऊ लागली. डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण रुग्णालयातील अनुभवावर २००६ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये निबंध लिहिले. गंभीर दंशात कोकणच्या विंचवासाठीचे प्रतिविष गुणकारी आहे, केवळ प्राझोसिनपेक्षा ते सरस ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. वीस-पंचवीस वर्षे प्राझोसिनचे नाव ज्यांच्या नावाशी जोडले गेले, त्या बावस्करांपुढे आता दोन वाटा होत्या. आपल्या औषधाची बाजू लढवत राहायचे, किंवा ते पुन्हा तपासाला लावायचे.

त्यांनी तपासाला लावले. महाड येथे हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या पतिपत्नींनी सत्तर रुग्णांची चाचणी केली. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गट पाडले; पस्तीस जणांना केवळ प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी पाहिले तेव्हा दुहेरी उपचार मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते. केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ८. बरे व्हायला लागलेला सरासरी वेळ पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा निबंध आला. मुंडल्यांचे टिपण ज्या पानांवर छापले गेले होते, त्याच नियतकालिकात, बरोबर पन्नास वर्षांनी.

या चाचणीतही उणिवा आहेत. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक होते. सारे एकाच रुग्णालयात घडले. रुग्णसंख्या मृत्यूच्या प्रमाणाविषयी काही सांगण्याइतकी नव्हती. तिने वेग सिद्ध केला. पण स्वतःच्या गोळीपेक्षा स्वतःची गोळी अधिक दुसरे औषध बरे, हे स्वतःच दाखवून देणे वैद्यकात रोज घडत नाही. पद्मश्री २०२२ मध्ये आली आणि वृत्तपत्रांनी ती प्राझोसिनसाठी मानली. २०११ चा निबंध त्या बातम्यांत फारसा दिसला नाही. तो दिसायला हवा होता.

व्यवहारात आज याचा अर्थ असा निघतो. प्रतिविष शीतपेटीत ठेवावे लागते, ते महाग असते, त्याचा तुटवडा पडतो आणि क्वचित त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. ते लवकर दिले तर उपयोगी; विष आपले काम करून बसल्यावर दिले तर फारसे नाही. प्राझोसिन स्वस्त आहे, खोलीच्या तापमानाला टिकते आणि उपकेंद्राच्या कपाटातही मावते. मोठ्या रुग्णालयात दोन्ही असावीत. लहान ठिकाणी गोळी तरी असलीच पाहिजे, आणि ती रुग्णवाहिकेची वाट पाहत असतानाच दिली पाहिजे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. तातडीचे वैद्यक हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून देशात मान्य झाला तो २००९ मध्ये. म्हणजे बिरवाडीतल्या त्या नोंदी झाल्या तेव्हा त्या कामाला देशात नावही नव्हते.

मिरकरवाड्यातल्या मुलाला लाल विंचू चावला, तर जिल्हा रुग्णालय शहरातच आहे. रिक्षाने काही मिनिटांत पोहोचता येते. संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतून निघालेल्या मुलाला तेच अंतर रात्री दोन तासांचे पडू शकते. दोघांच्या अंगातले विष सारखेच, पण त्याच्या घड्याळात सवलत नाही.

मिरकरवाड्याच्या वाट्याला मात्र एक निराळा अनुत्तरित प्रश्न येतो. जाळ्यात मासळीबरोबर समुद्रसापही येतात आणि मासळी निवडताना खलाशी ते हाताने उचलून पाण्यात भिरकावतात. हे साप बहुधा चावत नाहीत, म्हणून ही सवय टिकली आहे. पण चावलाच, तर भारतात मिळणारे सर्पदंशाचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याच विषापासून बनते. समुद्रसापाचा त्यात समावेश नाही. म्हणजे जिच्या फुरशांवर कधी काळी सरकारने बक्षिसे लावली, त्या रत्नागिरीतल्या शेतकऱ्यासाठी बाटली आहे. त्याच गावच्या खलाशासाठी नाही. त्याच्यासाठी उरतो तो श्वासाला आधार देणारा कृत्रिम श्वसनयंत्राचा उपाय, मूत्रपिंडांवरची नजर आणि किनारा गाठेपर्यंतचे तास. त्या तासांत तांडेलाने काय पाहावे? पापण्या जड होतात का, गिळताना त्रास होतो का, अंग दुखते का, लघवीचा रंग गडद होतो का. पुन्हा तीच पद्धत : शेजारी बसणे, पाहणे, वेळ टिपणे.

वरच्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाच्या खिशात एक चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, गाव, वय आणि ‘विंचूदंश’ एवढेच असले, तर वरच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दंश किती वाजता झाला, उलटी आणि घाम कधी सुरू झाला, हातपाय गार कधी पडले आणि पहिली गोळी किती वाजता दिली, या चार वेळा तिच्यावर असल्या, तर पुढची गोळी कधी द्यायची हे ठरवायला त्याला एक मिनिटही लागत नाही.